शिलाई मशीन

पहाटे साडेपाचला उद्यमबागेत, भरमाच्या फौंड्रीसमोर,
चारी चाकांतली हवा आम्ही मुद्दाम काढली.
"अठरावर आण," भरमा म्हणाला,
"दगडावर टायर पसरून बसलं पायजे,
म्हातारी जात्यापुढं बसती तसं."
दस्तगीरनं टॉर्च धरला, संताननं दोर गुंडाळला,
आणि मी, मला गाडी येत नाही,
मी डबे धरले.
भाकऱ्या, लसणीची चटणी, एक किलो कुंदा.
अशा दिवशी गाडी न येणारा एक लागतोच,
खाली उतरून "आण, आण, डावीकडं, बास" म्हणायला.

जांबोटीच्या पुढे कुठेतरी डांबर संपलं.
तिथे पाटी नसते,
फक्त गाडीतलं बोलणं थांबतं.
भरमानं लहान गिअर टाकला
आणि जीप पळायचं सोडून विचार करू लागली.
एक चाक दगडावर, एक कारवीत, एक हवेत,
चौथ्याचं मी बघितलं नाही,
मी डोळे मिटले होते.

भात कापून झालेलं. खाचरांत बुडखे,
त्यांच्यावर दव, दवावर आमचा धूर.

मग ओढ्यात रुतलो.
लाल चिखल, आत तुटलेली मुळं,
इंजिन नुसतं रागावलेलं.
आणि नेमके तेव्हा खिशातले फोन वाजले:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
थोड्या वेळानं कर्नाटकात.
मग गोव्यात. संतान म्हणाला,
"आता आमच्यात आलासा, जेवूनच जावा."
जीप जागची हलली नव्हती.
मागचं चाक तेवढं फिरत होतं.

जांभळीला दोर बांधला. दोर तुटला.
दस्तगीरनं नवं जॅकेट काढून चाकाखाली घातलं
आणि ते कुठे गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

काठावर एक बाई उभी होती. बराच वेळ असावी.
"रस्ता चुकलासा काय?"
"नाही वो," भरमा म्हणाला, "मुद्दाम आलोय."
"मुद्दाम."
तिनं तो शब्द धान्यातला खडा बघावा तसा बघितला,
आणि गवळीवाड्याकडे निघून गेली.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती परत आली,
मागे तिचा नवरा, त्याच्या डोक्यावर शिलाई मशीन.
"आलासा तसं हे जांबोटीला न्या. सुई सारखी मोडती.
ह्यांनी नेलं असतं, खरं मान धरती ह्यांची,
आणि लग्नाचे सोळा ब्लाउज पडून हाईत."
नाव विचारलं तर म्हणाली, "भागू येडगेचं मशीन म्हणा.
दुकानदार वळकतो मशीनला."

परत येताना भरमा वेगळाच चालवत होता.
सकाळी ज्या दगडांवर आम्ही शिट्या मारल्या
त्यांना तो आता हळूच विचारून पुढे जात होता.
गोधडीत गुंडाळलेलं मशीन माझ्या मांडीवर.
प्रत्येक धक्क्याला त्याचं चाक अर्धं फिरे,
मोडकी सुई खाली येई, वर जाई,
रिकाम्या हवेत टाके घाली.
मी चाकावर हात ठेवला. धरून बसलो.
चार चाकं त्या तिघांनी आळीपाळीनं चालवली,
हे पाचवं माझं.

जांबोटीत ईराप्पानं गोधडी उघडली,
चष्म्यावरून आम्हा चौघांना चिखलासकट बघितलं,
"मुंदिन ऐतवारा बर्री," म्हणाला.
पुढच्या रविवारी.
कोण येणार, हे त्यानं विचारलं नाही.

रात्री फौंड्रीसमोर पाइप लावून जीप धुतली.
लाल पाणी गटारापर्यंत गेलं.
सीटखाली निळ्या दोऱ्याची बॉबीन निघाली,
दस्तगीरनं ती फ्यूजच्या डबीत ठेवली.
कुंद्याचा डबा आम्ही उघडलाच नव्हता,
तो तिथेच उभ्यानं संपवला.
मी हवेचा पंप ओढू लागलो तर भरमा म्हणाला,
"ऱ्हाऊ दे की.
रविवारी परत काढायचीच हाय."