तिसरी तार

कौनासमधल्या या इमारतीत
भिंतीतून दोनच तारा येतात.
तिसरी, जमिनीत जाणारी,
बांधणाऱ्यांनी घातलीच नाही.
म्हणून कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला
की बोटांना मुंग्या येतात,
आणि स्पीकरमध्ये कुणीतरी
ओठ मिटून दिवसभर हूं करत बसतं.

झिल्व्हिनास, तू लिफ्ट दुरुस्त करायचास.
निवृत्त झालास आणि त्या हूंच्या मागे लागलास.
आधी वायरी बदलल्यास.
मग पंख्याखाली रबर,
माझ्या काकडीच्या बरणीचं, न विचारता.
मग पोस्टाने एक काळी डबी आली, काड्यापेटीएवढी,
निम्मी पेन्शन गिळून.
आकड्यांचा आवाज करते म्हणालास. हूं काही बधेना.
फ्रीज बंद करून पाहिलास एक रात्रभर:
हूं तसंच,
बहिणीने दिलेला पाइक मासा तेवढा वाया गेला.

फायली फुगवून पाहिल्यास.
तिप्पट आकार, तेच गाणं.
एकदा टाकून दिलेलं परत येत नसतं,
हे मला अशा सुरात सांगितलंस
जणू मीच टाकलं होतं.

शेवटी ती लवचीक वायर आणलीस,
टोकाला लाल ठिपका.
आत वीज नाही, उजेड.
उजेडाला जमीन लागत नाही, म्हणालास.

हूं थांबलं.
इतकं, की वरच्या दांगुओलेच्या नळाचे थेंब
मोजता आले.

मग तू लावलंस आमच्या कापड गिरणीचं समूहगान,
अठ्ठ्याऐंशी सालचं,
भाच्याने मूळ फितीवरून उतरवून दिलेलं.
खुर्ची करकरली.
कुणीतरी पान उलटलं.
आणि दुसऱ्या कडव्याला, डावीकडून,
एक बाई सगळ्यांच्या आधी आत शिरली.
अर्धी मात्रा.

ती मी.

तेव्हा संशय बिरुतेवर गेला होता.
मी जाऊ दिला.
पुढच्या हिवाळ्यापासून ती गायला आली नाही,
आणि आपल्या घरात इतकी वर्षं
घरघर माझी बाजू सांभाळत राहिली.

तू डोळे मिटून बसला होतास.
"ऐकलंस? किती स्वच्छ!"
ऐकलं, म्हटलं मी.

रात्री उठून जुनी वायर लावली.
हूं आलं, ओळखीचं, काही न विचारणारं.
त्याच्याजवळ बसले थोडा वेळ
स्वेटर पांघरून.

बिरुतेचा नंबर जुन्या वहीत आहे.
वही फ्रीजवर.
हात पोचत नाही,
स्टूल घ्यावं लागेल.