मुद्देमाल

मी बोरगव्हानचा कोतवाल.
मंगयवारी चार वाजून दहा मिनिटाले गारा आल्या,
आठ मिनिटं होत्या, मंग ऊन पडलं.
साहेबाले मी येवढंच सांगतलं.

आठ मिनिटात तीनशे एकराचा संत्रा झडला,
शायेचे टिनं उडाले नाल्यापार,
चिचेवरचे राघू आंगनात हिरवे हिरवे पडले,
पोट्ट्याईनं मोजले, एकशे सहा.
आनि वामनजी डाखोरे
ओल्या धोतरानं मारोतीले पानी घालत होते,
त्याईच्या डोक्शावर येक गार बसली.
येकच. निंबायेवढी.

रात्री पारावर गाव जमलं.
देव कोपला तो कोनावर?
सरपंचबाईचा नवरा म्हने, बारवर.
बारवाला म्हने, माही येक क्वार्टर फुटली नाई,
देव कोपला तो पयून गेलेल्या पोट्टीवर.
पोट्टीचा मामा म्हने, मोबाईलवर.
ज्यानं त्यानं आपलं बोट घरूनच आनलं होतं दाखवाले.

पन मेले त वामनजी.
आनि वामनजीचं पाप सापडेना.
कांदा खात नोते.
मुंग्याईची रांग आली त पाय उचलून उभे रायत.
दोन वाजेलोक शोधलं गावानं, कंदील बदलले,
तवा मधुकर घोरमाडेले आठोलं:
चौथीत असताना वामननं माही पेनसल नेली होती,
वापस देल्ली नाई.
पंचावन वर्षं! कोनीतरी म्हने, देवानं व्याज धरलं असन.
साऱ्याईले हलकं वाटलं.
घरी जाऊन झोपले.

आमच्या वस्तीत त देवच नाई.
छप्पन सालीच आज्यानं त्याचं खातं बंद केलं.
तरी तेराई घराचे कवेलू फुटले.
मी पाराच्या खालूनच इचारलं,
हे कोन्या खात्यातून?
लय येळ कोनी बोललं नाई.
मंग येक म्हतारा म्हने, शेजारधर्म.

दुसऱ्या दिवशी तलाठी आला.
मरनाचं कारन?
देवाची शिक्षा, सारे येका तोंडानं.
तलाठ्यानं पेनाचं टोपन लावलं.
शिक्षेले मदत नाई, म्हने.
नैसर्गिक असन त चार लाख.
सरपंचबाईचा नवरा खाकरला.
तसं पाह्यलं, म्हने, त निसर्गच होता.
मधुकर म्हने, पेनसल मीच कुठी हरोली असन.

पन डोक्शाले लागलं काय, हे दाखवाले पायजे.
गारा त कवाच्याच पानी झाल्या होत्या.
तवा कुसुमबाई उठली, वामनजीची मंडयी.
परभाकरच्या दुकानात गेली,
कुलफीच्या फ्रीजरात कोपरालोक हात घातला,
पन्नीत गुंडायलेली गार काढली.
त्याच दिवशी उचलून ठेवली होती तिनं, रडाच्या आंदी.
गारेले येक केस चिकटून होता. पांढरा.

तलाठी म्हने, हा मुद्देमाल.
तहसीलदारसाहेब येईलोक हात लावू नोका.
लोकाईनं हात नाई लावला, हयद-कुकू लावलं.
वरुडाकडून येक जीपभर बाया दर्शनाले आल्या,
येकीनं नवस बोलला, पोरगा नोकरीले लागू दे.
परभाकरनं कुलफी दोन रुपयानं महाग केली.
आनि मले फ्रीजरपाशी बसोलं, राखनीले.
माया घराचे कवेलू फोडनाऱ्याची
मी चार रात्री राखन केली, कोतवालाचं कामच हाय ते.

पाचव्या दिवशी लाईन गेली.
पंधरा घंटे.
(ते कोनाच्या पापानं, ते बी पारावर निंगालं.)
साहेब आले तवा पन्नीत पानी होतं, लालसर,
आनि त्यात तो केस.
साहेबानं पन्नी उजेडात धरली, इकडून पाह्यली, तिकडून पाह्यली,
म्हने, ल्याहा: वस्तू मियाली नाई.
मी आंगठ्याच्या जागी सही केली.

सारे गेल्यावर
वामनजीची नात पन्नीपाशी आली. पाच वर्षाची.
बोट बुडोलं, चाटलं.
कसं लागते वं, मी इचारलं.
तिनं डोये मिटून इचार केला.
पानीच हाय, म्हने.
कुलफीचा वास येते थोडा.