चार पेन्स

मराठीत काडी लावणारा म्हणजे
भांडण पेटवून बाजूला उभा राहणारा.
इथे, लॅव्हनमच्या चौकात, ती माझी नोकरी आहे.
लाकडांखाली नळी, नळीत गॅस,
गॅसची चावी माझ्या उजव्या हातात.
ज्वाळा गुडघ्यापर्यंत हवी की कमरेपर्यंत
ते रेडिओवर सांगतात.

खांबाला बांधली आहे हातमोजे शिवणारी ॲग्नेस.
साल पंधराशे छप्पन्न.
पाव हा पावच आहे,
एवढंच तिचं म्हणणं.
बिशप विचारतो, शब्द मागे घेतेस?
ती म्हणते, नाही.
कट.

मग तो झग्यावर टॉवेल पसरून सूप पितो,
आणि तिच्या दोरांच्या आत कुणीतरी
गरम पाण्याची पिशवी सरकवतं.
मार्चचा वारा आहे.
एवढी आग, पण ऊब कुणालाच नाही;
ती फक्त दिसण्यापुरती.

सात वेळा नाही म्हणाली.
आठव्यांदा म्हणाली,
हो. घेते.

चुकून असेल. थंडीनं असेल.
भाड्यानं आणलेली गर्दी हसली,
बिशपला पुढचं वाक्यच नव्हतं,
तो नुसता क्रूस धरून उभा.
'कट' यायच्या आधीच
माझ्या हातानं चावी बंद केली होती.
हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

नववा टेक.
नाही.
मी चावी फिरवली.
सांगितली तेवढीच. कमरेपर्यंत.

संध्याकाळी टॅमसिन बोरूनं
उद्याच्या दृश्यातली हिशोबाची वही लिहीत बसली होती.
सुक्या फाट्या, दोन शिलिंग.
साखळी, आठ पेन्स.
पेटवणाऱ्यास, चार पेन्स.
बिशपचं नाव होतं, ॲग्नेसचं होतं,
फाट्या विकणाऱ्याचंसुद्धा, बापासकट.
पेटवणाऱ्यापुढे कोरी जागा.

इथं कोण? तिनं विचारलं.
दिग्दर्शक कोट चढवत म्हणाला,
काहीही लिही, कॅमेरा तिथवर जात नाही.

माझंच लिही, मी म्हणालो. हळबे.
बोटांना अजून गॅसचा वास होता,
म्हणून हात खिशात ठेवून
एकेक अक्षर सांगितलं.

इंग्रजीत ळ नाही.
तिनं ल लिहिला, फुंकर मारून शाई वाळवली,
आणि वर पाहिलं: बरोबर?

मी दुरुस्त केलं नाही.