फाल्यांबाब

आमच्या चोडणात घराला नंबर असतो
तो वीजबिलापुरता.
एरवी वरच्या वाड्यावरचे ते 'पेज',
कुणा पणजोबाने लग्नाच्या पंगतीत पेज मागितली म्हणून.
धक्क्याजवळचे 'घड्याळ'. त्यांच्या भिंतीवर घड्याळ कधीच नव्हतं.
आम्ही 'खिळे'. का, ते वडलांनाही ठाऊक नव्हतं.

सरपंच उल्हास कुंडईकर यांना
गावाने नावं ठेवली,
नाव मी ठेवलं.

मे महिना. फणस झाडावरच पिकून फुटत होते,
उतरवायला माणूस नव्हता.
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पासचे अर्ज :
फेरीने पलीकडे जाण्याचे कारण – रुग्ण, मयत, इतर.
लोक खूण करायचे, पेन परत द्यायचे
आणि विचारायचे, सिलिंडर आले?
उल्हासबाब पंचायतीच्या पायरीवर,
मास्क हनुवटीला, दोन हातांत दोन मोबाइल.
"फाल्यां येतले."
अँब्युलन्सचा चालक?
"फाल्यां."
ते बोटाला लावायचं यंत्र?
"फाल्यां, फाल्यां, ऑर्डर घाल्या."

फाल्यां म्हणजे उद्या.
पण उद्याला निदान सकाळ असते.

एका बाद अर्जाच्या पाठीवर मी मार्करने लिहिलं,
श्री. फाल्यांबाब, सरपंच,
आणि काचेला आतून चिकटवलं.
संध्याकाळी फेरीवरचा खलाशी ओरडला,
"शेवटची फेरी केन्ना तें फाल्यांबाबाक विचार!"
तिसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या लंगड्या कुत्र्यालाही तेच नाव.
मास्कच्या वर नुसते डोळे हसताना
मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग वादळ आलं, चार दिवस वीज नाही,
आणि ज्याच्या घरातून कोणी गेलं
त्याने ते नाव घेतलं, दातांत खडा आल्यासारखं.
मार्चमधल्या जत्रेची गर्दी त्या नावात मावली.
राजधानीतून न आलेली फाइल मावली.
तापात असताना वाण्याकडे जाऊन आलेला माझा चुलतभाऊसुद्धा
त्या तीन-चार अक्षरांत कुठेतरी बसला
आणि दिसेनासा झाला.
चौकशी कुणी मागितली नाही.
नाव होतं ना.

निवडणुकीला उल्हासबाब दुकानात आले.
हात जोडलेला फोटो, खाली ठळक :
तुमचोच फाल्यांबाब.
"पाचशे काढ. रंगीत."
मी पैशांचं विचारलं.
"फाल्यां," ते म्हणाले, आणि आधी तेच हसले.
मीही हसलो. यंत्र चालूच होतं.

निवडून आले. थोडक्या मतांनी, पण आले.

त्यांची मुलगी नववीत आहे.
फेरीवर ती गाड्यांच्या मागे, साखळीपाशी उभी राहते.
मुलं म्हणतात, "फाल्यां गो, फाल्यां!"
ती खारफुटीकडे बघते.
तिचं खरं नाव रेवती, हे मला तिच्या दाखल्याची प्रत काढताना कळलं.
आता तिच्या मुलांचं घर कुठलं, हे कुणी विचारलं
तर लोक काय सांगतील
ते मला माहीत आहे.

आणखी एक.
वडील पलीकडे होते, इस्पितळात, अकरा दिवस.
रोज संध्याकाळी नर्स त्यांच्या कानाला फोन लावायची.
श्वासाचा आवाज आधी यायचा, मग ते.
"घरा केन्ना व्हरता?"
आणि मी, धक्क्यावर उभा, पलीकडचे दिवे बघत,
म्हणायचो –
अकरा संध्याकाळी, तोच शब्द.
बाराव्या दिवशी मी मार्कर उघडला.

झेरॉक्सचं असं होतं,
लोक प्रती मोजून घेतात, घडी घालतात, जातात,
मूळ कागद काचेवरच राहतो.
म्हणून दुकान बंद करताना
झाकण उचलून बघावं लागतं.