अर्धा इंची डमी

थेंब पडला की मी मोजते. एक, दोन, तीन, चार,
पाचाला पुढचा.
रात्रीचे पावणेतीन. गिझरखालच्या डब्यात
काल सकाळपासून पाऊण लिटर.
मापाने ओतून बघितलं मी.
दूध संस्थेच्या टेबलावर एकोणीस वर्षं गेली,
डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय मोडली.

चूक माझीच.
वर्षातून एकदा टाकी धुवावी, खालचा वॉल उघडावा
असं कुणीसं म्हणालं.
बारा वर्षांत कुणी हात लावला नव्हता त्याला.
मी उघडला, अर्धी बादली काढली, बंद केला.
म्हणजे मला तसं वाटलं.

इलाही प्लंबर आला, खाली वाकून बघून हसला.
“निजलेल्याला उठिवलासा वैनी,
आता त्यो झोपतोय व्हय?”
मोठा पाना लावून त्यानं आवळला.
पाचाचा थेंब तीनावर आला.
“नवीनच घ्या,” म्हणाला, चहा घेऊन गेला.

मामा, माझे सासरे, उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं
लेथवर उभे होते.
आता उजवा हात थरथरतो, कान गेलेत,
हा थेंब काही त्यांना ऐकू येत नाही.
तरी दारात येऊन उभे राहिले, बनियनवर.
थेंबाखाली बोट धरलं,
अंगठ्यावर चोळलं.
“कच हाय. सीटवर बसलीया.
आवळू नको. उघड.”
मी चकली अर्धी फिरवली.
“सगळा उघड.”

बटण बंद होतं, पाणी गार.
आधी पांढरे तुकडे आले, क्षाराचे,
भाकरीच्या कडेला करपून सुटतो तसा पापुद्रा.
मग जोंधळ्याच्या कण्यांसारखं काही.
आणि मग, थांबेल असं वाटत असताना,
लाल.
बारीक, मऊ, नदीची माती.

दोघांनी ओळखली.
दुधाळीच्या घरात पुराचं पाणी खिडकीच्या वर गेलं
तेव्हा हा गिझर तेवढा कोरडा राहिला होता,
छताला लागून.
नंतर नळाला आठवडाभर लालच आलं.
ते पोटात घेऊन हा आमच्याबरोबर
पाचगाव रोडला आला, दुसऱ्या मजल्यावर,
आणि रोज आंघोळीला पाणी देत राहिला.

मामांचं छोटं लेथ मशीन होतं त्या घरात, मागच्या खोलीत.
ते शाळेत होते, छावणीत, तापाने फणफणलेले.
मी गाडा बोलावला.
किलोवर दिलं.
पावती घ्यायचं सुद्धा सुचलं नाही, मला,
जी थेंबाथेंबाची पावती ठेवते.

“मशीन मी भंगारात घातलं, मामा.
तुम्हाला विचारलं नाही.”
पाण्याचा आवाज मोठा होता.
ते मोरीकडे बघत होते.
“अजून जरा व्हाऊ दे,” म्हणाले.

लाल संपलं. पिवळट आलं, मग नितळ.
“आता दोन बोटांनी बंद कर. जोर नगं.”
मी मोजायला लागले. पाच. नऊ. सतरा.
तेविसाला एक थेंब आला, लाजल्यासारखा.

हार्डवेअरच्या दुकानात डमी मिळते.
पितळी, अर्धा इंची, आटे पाडलेली, लगेच.
मामा सकाळी डबा न घेता बाहेर पडले
ते दुपारी दोनला आले.
बोटं काळी, चष्म्यावर पितळेचा कीस,
रुमालात गुंडाळलेली डमी.
कुणाच्या मशीनवर, कुणी हात धरला,
काही बोलले नाहीत. जेवायला बसले.

आट्यावर टेप मी गुंडाळली, सुलट, अकरा वेढे.
बसली. डबा कोरडा आहे, आज चौथा दिवस.

फक्त तिच्या सहा बाजूंतली एक जरा तिरकी आहे.
तिथे पाना धरत नाही, सटकतो.
मी दुसऱ्या बाजूने लावला.