सहा गोळ्या

रजिस्टर माझंच, अक्षरही माझंच.
सतरा मे. प्रणाली मेश्राम. सातवा महिना.
ताप एकशे तीन. गोळ्या सहा.
पुढं एक शब्द : दिल्या.

ते पान आज भरदुपारी ती मागायला आली.
मनगटाला धरून सम्यक सोबत, पायांत उलट्या चपला.
दिवाळीपासून तिचा दीर गुणवंत मोबाइल फिरवतोय घरात,
‘पाह्य व वहिनी, गोयीनंच होते थे, इथं सांगून राह्यले.’
तेव्हापासून तिची सासू माझ्या दारावरून जाताना
डोक्यावरचा भारा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते,
तोंड झाकायला.

सम्यक सहा वर्षांचा. बोलत नाही.
पण चक्कीवाल्या भानुदासचा हात पट्ट्याकडे वळला
की आवाज व्हायच्या आधी कानांवर तळवे.
हापशीपासून समाजमंदिराच्या पायरीपर्यंत
बाटल्यांची झाकणं लावतो रांगेत,
लाल कधीच निळ्याशेजारी नाही.
कोंबडीनं एक जरी हलवलं
तर असा रडतो, की आख्खा मोहल्ला आपापल्या दारात.

‘ताई, तारीख दाखव.’
मी दाखवली. तिनं बोट ठेवलं, उचललंच नाही.
मी तयारी करून बसले होते –
नर्सबाईंना फोन लावला होता त्या रात्री,
त्यांनी सांगितली तीच गोळी, तेवढीच,
गाडी तालुक्याहून निघालीच नव्हती...
ओठांशी आलेलं सगळं.

ती म्हणाली, ‘खाल्ल्या नाही मी.’

ब्लाउजमधल्या पाकिटातून पट्टी काढली.
सहाच्या सहा. कागद पिवळा, अक्षरं पुसलेली.
‘माय म्हने, पोटुशीनं गोयी खाऊ नये, लेकराले लागते.
रातभर ओल्या फडक्यावर काढली.
थो हालत नोहोता आतमंदी, मी मोजत होती.
आता कोनाले सांगू व?
खाल्ली म्हनतात तं बोलतात.
नाही खाल्ली म्हनलं
तं म्हनतील, तापानंच झालं, काहून नाही खाल्ली?’

क्षणभर मला हलकं वाटलं.
खोटं कशाला बोलू, वाटलं.
मग तिच्या हातातल्या पट्टीकडं बघवेना.
सहा वर्षं ती अंगावर वागवत होती
जी मी एका ओळीत लिहून मोकळी झाले.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना
मी मागं विचारलं होतं, कशानं होतं हे?
त्या चष्मा पुसत राहिल्या. म्हणाल्या,
एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही बाई,
आणि आईवर तर नाहीच नाही.
मग बायांना काय सांगू?
ताप अंगावर काढू नका म्हणावं.
मनानं गोळी घेऊ नका, मनानं बंदही करू नका.
विचारा.
मी मान हलवली. तेव्हा सोपं वाटलं होतं.

हे सगळं मी प्रणालीला सांगितलं,
अर्धं तिच्या बोलीत, अर्धं त्यांच्या.
तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.
‘म्हंजे कोनालेच माहीत नाही,’ एवढंच म्हणाली,
आणि पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली.

तोवर सम्यकनं पट्टी ओढून घेतली होती.
आम्ही दोघी एकदमच उठलो.
तोंडात नाही घातली त्यानं एकही.
फोडून, सहाही, उंबऱ्यावर मांडल्या,
चीर वर असलेली बाजू सगळ्यांची एकीकडं,
शेवटी खिशातलं एक निळं झाकण.
आणि गुणगुणायला लागला,
शेतातली मोटर लांबून ऐकू येते तसं.

फोन वाजला. भुजाड्यांची सून, पाचवा महिना.
‘ताई, आंग तापून राह्यलं. काय करू?’
‘थांब, मी येतो. काही खाऊ नको, काही टाकूही नको.’
पिशवीत थर्मामीटर घातला, रजिस्टर घातलं.
‘दिल्या’च्या पुढं काय लिहायचं
ते सुचलं नाही, पेन तसाच मिटला.

‘हात धर त्याचा,’ मी प्रणालीला म्हणाले,
‘मी आल्यावर उचलू त्या.’
ती त्याच्याजवळ खाली बसली.
उंबऱ्याशी साडी घोट्यावर उचलली
आणि एकही हलू नये असा
पलीकडं पाय टाकला.