आधी रंग बघ

पुराणिकांची बदली झाली बुऱ्हाणपूरला
आणि टाकी माझ्याकडे आली,
रामबागेतल्या त्याच इमारतीत, दुसऱ्यावरून चौथ्यावर,
मासे दोन बादल्यांत,
वर पोळ्यांच्या डब्याचं झाकण.
जिन्यात पुराणिक दोनदा थांबले.
म्हणाले, यांना हिसके चालत नाहीत.

एंजल तीन. एकदम चांदी, असं ते सांगायचे.
माझ्याकडे चांदी आलीच नाही.
अंगावर काळ्या पट्ट्या, कोळशाने ओढल्यासारख्या,
पंख मिटून तिघे फिल्टरच्या मागे.
आणि निऑन बारा.
पहाटे ड्यूटीवरून येऊन दिवा लावला
तर त्यांची निळी रेघ
ओल्या बोटाने पाटीवरून पुसावी तशी गेलेली.

मला रंग वाचता येतो. त्याचाच पगार घेते,
सतरा वर्षं, नवजात बाळांच्या कक्षात.
पहिल्याच दिवशी फिलोमिना सिस्टर म्हणाल्या होत्या,
यंत्र मग. आधी रंग बघ.
तळवे निळे असले तर मोजे घाल.
ओठ निळे असले तर धाव.
कावीळ कपाळापासून खाली उतरते,
बोटाने दाबायचं, सोडायचं,
कातडी परत येताना काय घेऊन येते ते पाहायचं.
आणि निळ्या दिव्याखाली काही ठरवायचं नाही,
तिथे सगळीच बाळं सारखी.

माशाला दाबता येत नाही.

नंदलालपुऱ्यात इकराम भाईंचं दुकान आहे,
त्यांनी मोठ्या डॉक्टरसारखी चौकशी केली.
पाणी कुठलं?
नर्मदेचं, नळाचं.
कधीचं?
आजचंच भरलं की.
त्यांनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं.
"एक दिवस उघडं ठेवा दीदी, औषध उडू दे.
आणि दिवा कधी लावता?"
येते तेव्हा. पाचला, कधी साडेपाचला.
"म्हणजे झोपेतून उठवता आणि म्हणता रंग कुठाय!
ते रात्री काढून ठेवतात.
तुम्ही बांगड्या काढून ठेवता ना, तसं."

मी बांगड्या घालत नाही. ड्यूटीवर चालत नाहीत,
आणि नंतर सवय गेली. पण ते असो.

आणि पट्ट्या?
"त्या भीतीच्या. जातील. एखाद्याच्या नाही जात.
तिन्ही बाजूंना कागद लावा
आणि तीन दिवस बघू नका."

बघू नका.
मला.

जुन्या रद्दीतून कागद काढले, डाळीच्या पिठाची खळ केली,
टाकीच्या अंगावर रविवारच्या जाहिराती चिकटवल्या,
समोरच्या काचेवर टॉवेल टाकला.
चहा घेताना आतून पाण्याचा आवाज यायचा.
मी पाठ करून बसायचे.

दुसऱ्या रात्री नऊ नंबरला सेंधव्याचं बाळ आलं,
अकराशे ग्रॅम.
त्याची आई काचेच्या पलीकडे उभी,
तळहात काचेवर, दोन तास, तीन तास.
बाळाचा रंग बरा होता. मी वहीत लिहिला.
मग मान वर केली
आणि तिचा पाहिला.
ओठ आणि गाल एकाच रंगाचे,
भिंतीला पहिला हात दिलेला असतो त्या रंगाचे.
त्यासाठी वहीत रकाना नाही.
बाहेर जाऊन म्हटलं, बसा. तो पळणार नाही.
ती बसली नाही.
मावशींकडून चहा मागवला, साखर जास्त,
आणि आतून पडदा ओढला.
तिला वाटलं मी चिडले.
पंधरा मिनिटांनी पडद्याच्या फटीतून बघितलं तर
बाकावर, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं, झोपलेली,
कप मांडीवर तिरका.

चौथ्या दिवशी टॉवेल काढला.
दोघे चांदीचे झालेत, खरंच चांदीचे,
माझ्याकडे बघायला पुढे आले.
तिसऱ्याच्या पट्ट्या तशाच आहेत.
त्याच्या बाजूचा कागद अजून काढलेला नाही.

आता पाचला येते. चप्पल हातात.
दिवा लावत नाही.
जेल रोडकडून कचऱ्याच्या गाडीचं गाणं येतं,
समोरच्या गच्चीमागून उजेड येतो, आधी करडा,
आणि मी मोढ्यावर बसून असते, गणवेशातच,
अंधारात बारा बिनरंगी माणसं असावीत
तसे ते आत तरंगत,
कुणाचं काही चुकलेलं नाही अशा चेहऱ्याने.